आयर्विनला ‘…चाळीस’ : सांगलीच्या आपत्ती यंत्रणेला खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, सांगली
आणि पोलीस, अग्निशमन, महसूल, पाटबंधारे अशा सगळ्या खात्यांत वायरलेसचा सेट हातात धरणाऱ्या मंडळींना

विषय : डिजिटल वॉकीटॉकीची फाइल पुढे सरकण्याआधी एका जुन्या टेलिफोन ऑपरेटरचे चार शब्द

सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं रस्त्यात भेटली की आधी ‘आयर्विनला किती?’ आणि मग ‘बरं आहे ना?’ कृष्णेवरचा १९२९ सालचा तो पूल. त्याच्यापाशी पाणी ४० फुटांवर आलं की इशारा, ४५ ला धोका. चाळीस व्हायच्या आतच सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगरची माणसं गाद्या गुंडाळायला लागतात. हे मी तुम्हाला सांगायला नको. पण आता एक करा. खोलीचं दार लावून घ्या आणि मोठ्यानं म्हणा : त्रेचाळीस, चव्वेचाळीस, पंचेचाळीस, शेहेचाळीस, सत्तेचाळीस.

शेपूट सगळ्यांचं एकच. फरक तेवढा तोंडाशी. ‘त्रे’, ‘चव्वे’, ‘पंचे’. ते पहिलं अक्षर पलीकडे पोचलं नाही तर कानात काय उरतं? ‘…चाळीस’. म्हणजे धान्याची पोती नुसती माळ्यावर टाकायची की म्हाताऱ्याकोताऱ्यांना आत्ताच शाळेत हलवायचं, याचा पत्ता नाही.

आणि सवय नसलेल्या माणसाच्या हातात डिजिटल सेट दिला की नेमकं पहिलं अक्षरच जातं. माझं सगळं पत्र खरं म्हणजे या एका अक्षराबद्दल आहे. बाकीचं त्याच्या मागून येतंय.

मी गावभागात राहते. टेलिफोन खात्यात ट्रंक बोर्डावर ऑपरेटर होते. कानाला हेडफोन, हातात कॉर्ड, समोर पेटणारे दिवे. पुढे एसटीडी आलं, बोर्ड गेला, आम्हाला दुसऱ्या टेबलांवर बसवलं. मला रेडिओचं इंजिनिअरिंग येत नाही. जे थोडं कळतं ते भाच्याकडून. तो बेंगळुरूला असल्या सेटांच्या कामात आहे आणि माझ्या प्रश्नांना कंटाळून आता फोन उचलेनासा झालाय. पण एका टोकाला माणूस काय बोलला आणि दुसऱ्या टोकाला काय ऐकू गेलं, यातला फरक ऐकण्याचाच मी इतकी वर्षं पगार घेतला. तेवढा माझा अधिकार धरा.

भाच्यानं पहिल्यांदा ‘ट्रंकिंग’ हा शब्द उच्चारला तेव्हा मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. आमच्याकडे काय होतं? सांगली-पुणे लाइनी मोजक्या, बोलणारे शेकडो. अमुक लाइन अमुक शेठजींची, असं नव्हतं. जी मोकळी होईल ती रांगेतल्या पुढच्याला द्यायची. साधा कॉल, अर्जंट कॉल आणि सगळ्यांच्या वर लाइटनिंग कॉल. लाइटनिंग आला की बाकी रांग मागे. डिजिटल ट्रंक रेडिओत अगदी हेच चालतं, फक्त माझ्या खुर्चीवर संगणक बसलाय. जुन्या अ‍ॅनालॉग पद्धतीत प्रत्येक खात्याची फ्रिक्वेन्सी ठरलेली. एकाची दिवसभर मोकळी पडून, दुसऱ्याच्या फ्रिक्वेन्सीवर कोंबडबाजार. ट्रंकिंगमध्ये सगळे चॅनेल एका टोपलीत. बटण दाबलं की सेट यंत्रणेला विचारतो, मोकळं कोणतं? यंत्रणा नेमून देते. टेट्रा नावाच्या डिजिटल रेडिओ पद्धतीत याला साधारण एक तृतीयांश सेकंद लागतो. मग सेटमधून बारीक ‘टिंग’ येतं. त्या टिंगनंतर बोलायचं.

बोटीत उभा राहिलेला, मांडीपर्यंत भिजलेला पोरगा टिंगची वाट बघत नाही. तो बटण दाबता दाबताच बोलतो. एक तृतीयांश सेकंद म्हणजे किती? ‘पंचे’ म्हणायला जेवढा वेळ लागतो, बहुतेक तेवढाच.

इंग्रजीत बोलणाऱ्यांना हा त्रास कमी. त्यांचं चाळीस आधी येतं, तीन-चार-पाच मागून. त्यांचं तोंड तुटलं तरी शेपटीवरून अंदाज लागतो. आपलं उलटं. आणि ‘एकोण’वाले आकडे तर विचारूच नका. एकोणपन्नास आणि एकोणसाठ यांत दहा फुटांचं अंतर आहे. २००५ च्या पुरात पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं होतं आणि २०१९ ला ५७ च्या वर. त्यामुळे हे दोन्ही आकडे सांगलीत अशक्य कोटीतले उरलेले नाहीत.

ट्रंक बोर्डावर आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं : आकडा जोडून बोलायचा नाही. सुटा बोलायचा. ‘पंचेचाळीस’ नव्हे, ‘चार, पाच’. ऐकणाऱ्यानं ‘चार, पाच’ असं परत म्हणायचं, आणि आपण ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय कॉर्ड काढायची नाही. सात आणि आठ ही फाटक्या लाइनवर जुळी भावंडं, म्हणून आमच्या हेड ऑपरेटर बाई ‘आठ’ इतका लांबवायच्या की पलीकडचा माणूस हसायचा. हसू दे, आकडा चुकत नसे.

तेच गावांचं. कवठेपिरान, कवठेएकंद, कवठेमहांकाळ. घाईत तिघांचंही ‘कवठे’च होतं. कसबे डिग्रज आणि मौजे डिग्रज, दोन्ही नदीकाठची. ‘डिग्रजला बोट पाठवा’ हा निरोप अर्धाच आहे, हे बोलणाऱ्याला वाटत नाही, कारण तो स्वतः कोणत्या डिग्रजात उभा आहे हे त्याला माहीत असतं. तर गावांची उच्चारयादी करा. एका कागदावर मावते. हे काम सेट खरेदीच्या आधीचं आहे आणि फुकटचं आहे, त्यामुळे ते कुणी करणार नाही अशी मला भीती वाटते.

आता २०१९ चं सांगते.

लाइट गेली होती. मोबाइलचे टॉवर बॅटरीवर जेवढे चालायचे तेवढे चालले आणि गप्प झाले. आम्ही दुसऱ्या मजल्यावर अकरा जण. खाली गल्लीत पाणी, त्यात कुणाचा तरी निळा ड्रम रोज एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर जायचा. तिसऱ्या दिवशी दुपारी दोन बोटी एकदम आल्या. एकीत आमच्याच भागातली पोरं, दुसरीत बाहेरगावाहून आलेलं पथक. दोन्ही बोटी समोरच्या एकाच घराखाली लागल्या, एकाच आजींना उतरवायला. आणि चार घरं सोडून पलीकडे एक गृहस्थ होते, इन्सुलिनवर असलेले. ते सकाळपासून खिडकीतून टॉवेल हलवत होते. दोन्ही बोटींत सेट होते. दोन्ही सेट चालू होते, त्यांतून आवाजही येत होते. एकमेकांना मात्र ते ऐकू येत नव्हते. शेवटी आमच्या पोरानं तोंडाशी हात धरून आरोळी ठोकली, ‘ओ दादा, तुम्ही तिकडं जावा, हितलं आम्ही बघतो!’ त्या दिवशी आमच्या गल्लीतली सगळ्यात भरवशाची संदेश यंत्रणा ती होती.

कुणाचं चुकलं, हे मी लिहीत नाही. दोन्ही बोटींतल्या माणसांच्या मी पाया पडेन. पण आर्मी, नेव्ही, कोस्ट गार्ड, एनडीआरएफ, एसडीआरएफ, पोलीस, अग्निशमन आणि गावोगावचे तरुण अशी सगळी त्या आठवड्यात याच पाण्यावर होती. प्रत्येकाचं बोलणं आपापल्या घरात.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कमध्ये पोलिसांच्या हेलिकॉप्टरला मनोरा ढासळायची चिन्हं वरून दिसली. त्यांनी आपल्या रेडिओवर ते सांगितलं. मनोऱ्यात जिने चढणाऱ्या अग्निशमनच्या जवानांचा रेडिओ वेगळा. ३४३ अग्निशामक त्या दिवशी गेले. सगळे रेडिओमुळे गेले असं कुणी म्हणत नाही, मीही म्हणणार नाही. पण चौकशी आयोगानं या मुद्द्यावर पानंच्या पानं लिहिली, आणि तेव्हापासून जगभर एकच घोष चाललाय, की सगळ्या खात्यांना एकमेकांशी बोलता आलं पाहिजे.

आणि इथेच डिजिटलची गंमत आहे. मी विरोधात नाही, आधी त्याची बाजू सांगते. खरखर जाते. कोण बोलतंय त्याचा नंबर समोरच्या पडद्यावर उमटतो. जीपीएस असेल तर बोट कुठे आहे ते कंट्रोलला नकाशावर दिसतं. सेटवरचं नारिंगी बटण दाबलं की तो आमचा लाइटनिंग कॉल, बाकी सगळे मागे. डीएमआर या दुसऱ्या डिजिटल पद्धतीत साडेबारा किलोहर्ट्‌झच्या एका चॅनेलवर दोन बोलणी मावतात, टेट्रात पंचवीसच्या चॅनेलवर चार. फ्रिक्वेन्सी ही जमिनीसारखी, नव्यानं तयार होत नाही. तेव्हा एका गुंठ्यात दोन घरं होत असतील तर वाईट काय?

वाईट हे की जुना अ‍ॅनालॉग सेट कुठल्याही कंपनीचा असो, फ्रिक्वेन्सी आणि टोन जुळवला की बोलायला लागायचा. डिजिटलमध्ये भाषाच वेगवेगळ्या. टेट्रा आणि डीएमआर या दोन्ही युरोपातल्या, पी-२५ अमेरिकेतली. टेट्राच्या सेटला डीएमआरचं काही कळत नाही. उद्या पोलिसांनी एक घेतलं, अग्निशमननं दुसरं घेतलं, दोघांनीही उत्तमातलं उत्तम घेतलं, तरी बोटीतल्या पोराला हात तोंडाशी धरूनच आरोळी मारावी लागेल. कंट्रोल रूममध्ये दोन पद्धती जोडणारी यंत्रं बसवता येतात, पण ती कंट्रोल रूममध्ये असतात आणि पूर गल्लीत असतो. डीएमआर आणि पी-२५ चे बहुतेक सेट गरज पडली तर अ‍ॅनालॉगवरही बोलतात. टेट्राचे सहसा बोलत नाहीत. खरेदीच्या कागदावर ही एक ओळ शोधा. ती नसेल तर सही करण्याआधी विचारा.

माझं मुख्य मागणं आता सांगते. एकमेकांचं बोलणं ऐकणाऱ्या सेटांचा एक गट, असे खात्यांचे जे काय गट पाडायचे ते पाडा, पण एक गट सगळ्यांचा ठेवा. त्याला ‘कृष्णा’ नाव द्या. सांगलीत येणाऱ्या प्रत्येक पथकाचं जिल्ह्यात पाऊल पडलं की पहिल्या तासात एक तरी सेट त्यांच्या हातात असा द्या ज्यावर ‘कृष्णा’ लागतो. त्यांचा स्वतःचा सेट त्यांच्याकडे राहू दे. एक बोट कमी आली तरी चालेल, हा सेट हवा.

आणि ‘कृष्णा’ला कुलूप नको.

यावर तुमच्याकडचे जाणकार भुवया उंचावतील. एन्क्रिप्शन, म्हणजे बोलण्याला सांकेतिक कुलूप, हवंच, गुन्हेगार ऐकतात, अफवा पसरतात. पोलिसांच्या तपासाच्या गटाला खुशाल सात कुलपं घाला. पण ‘मौजे डिग्रजमध्ये बारा जण छतावर’ यात चोरण्यासारखं काय आहे? कुलूप म्हणजे किल्ली, आणि किल्ली म्हणजे ती प्रत्येक सेटमध्ये भरलेली असणं. बाहेरून रात्री दोनला आलेल्या पथकाच्या सेटमध्ये ती कोण भरणार? शिवाय कुलपाच्या दिमाखाबद्दलही एक गोष्ट ऐका. २०२३ च्या जुलैमध्ये नेदरलँड्‌समधल्या संशोधकांनी जाहीर केलं की टेट्राच्या कुलपांपैकी टीईए-१ नावाच्या कुलपाची किल्ली कागदावर ८० बिटांची असली तरी आतून ती ३२ बिटांवर आणलेली आहे. साध्या संगणकाला फोडता येईल इतकी. पंचवीसेक वर्षं लोक ते कुलूप लावून निवांत झोपले होते. म्हणून कुलूप घेताना ‘कोणतं?’ हेही विचारा, नुसतं ‘आहे ना?’ असं नको.

आवाजाबद्दल थोडं सांगते, कारण तो माझा प्रांत. डिजिटल सेट आपला आवाज जसाच्या तसा पाठवत नाही. तो आवाज ऐकतो, त्याचं वर्णन करतो आणि वर्णन पाठवतो. पलीकडचा सेट त्या वर्णनावरून आवाज पुन्हा घडवतो. डीएमआरमध्ये हे वर्णन सेकंदाला जेमतेम अडीच हजार बिटांत बसवतात. माणसाच्या गळ्यातून जे निघतं त्यासाठी ही युक्ती झकास आहे. पण मागे बोटीचं इंजिन धडधडत असेल, वर हेलिकॉप्टर असेल, तर बिचारा सेट इंजिनाचंही वर्णन माणसाचं समजून करतो आणि पलीकडे पाण्याखालून कुणी बोलल्यासारखं येतं. अमेरिकेतल्या अग्निशमन प्रमुखांच्या संघटनेनं २००८ साली याच तक्रारीवर अहवाल काढला. तिथल्या कित्येक अग्निशमन दलांनी आगीच्या जागेवर जवळच्या जवळ बोलायला साधा अ‍ॅनालॉग चॅनेलच राखून ठेवला आहे. आपल्या बोटींच्या इंजिनाला पाच-सहा हातांवर उभं राहून सेटवर बोलून बघितलंय का कुणी? बघितलं नसेल तर टेंडर काढण्याआधी बघा. कंपनीच्या माणसाला एसी खोलीत नाही, बोटीत बसवा.

दुसरं असं की जुना सेट टप्प्याबाहेर जायला लागला की आधी खरखर वाढायची. आम्हाला तो इशारा होता. खरखर वाढली की माणूस दोन पावलं मागे यायचा. डिजिटलमध्ये शेवटपर्यंत स्वच्छ, आणि मग एकदम काही नाही. कड्यावरून पाय सुटावा तसं. बोलणाऱ्याला वाटतं आपण बोललो.

म्हणून डोंगर. सांगली शहर म्हणजे परात. बोटीत उभ्या माणसाच्या तोंडाची उंची पाण्यापासून दीड मीटर धरली तर त्याच्या सेटचं क्षितिज पाचेक किलोमीटर, आणि मध्ये इमारती आल्या की तेही नाही. तेच भोवतालच्या जमिनीपासून दोनशे मीटर उंच टेकडीवर रिपीटर, म्हणजे आलेलं बोलणं पकडून पुढे पाठवणारं यंत्र, ठेवला तर त्याचं क्षितिज साठ किलोमीटरच्या आसपास जातं. दंडोबाचा डोंगर आहे, सागरेश्वरचा आहे. शिराळ्याच्या पश्चिमेला चांदोलीकडे मात्र डोंगरच डोंगराच्या आड येतात, तिथे एका रिपीटरनं भागणार नाही, हे मला सुद्धा कळतं. रिपीटर कुठे बसवायचा ते तुमचे लोक मोजून ठरवतील. माझा प्रश्न रिपीटरच्या विजेचा आहे. २०१९ मध्ये जे मोबाइल टॉवरचं झालं तेच रिपीटरचं झालं तर लाखो रुपयांचे सेट म्हणजे भुईमुगाची टरफलं. सोलर, बॅटरी, आणि भर पावसात तिथे चढून जाणारा ठरलेला माणूस. त्याचं नाव आणि त्याची रजा असेल तर दुसऱ्याचं नाव. आणि रिपीटर मेला तर सेटावरून सेटावर थेट कसं बोलायचं, ते बटण प्रत्येकाला डोळे मिटून सापडलं पाहिजे.

सेटच्या बॅटरीचंही तसंच. ‘बारा तास चालते’ हे जे छापलेलं असतं ते बहुतेक पाच-पाच-नव्वदच्या हिशेबानं. म्हणजे शंभर मिनिटांतली पाच बोलण्यात, पाच ऐकण्यात, नव्वद नुसतं गप्प बसण्यात. पुरात नव्वद मिनिटं गप्प बसणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

‘आता सगळं मोबाइलवरच येणार, सेट कशाला?’ असंही ऐकते. येणार असेल. ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, २०१८ च्या जूनमध्ये शिफारस केली होती की पोलीस, अग्निशमन आणि आपत्तीच्या कामासाठी देशभर वेगळं ब्रॉडबँड जाळं असावं, त्याला वेगळे स्पेक्ट्रम राखून ठेवावेत. चांगलं आहे. पण ब्रिटननं त्यांचं ‘एअरवेव्ह’ नावाचं टेट्रा जाळं बंद करून फोर-जीवर जायचं ठरवलं त्याला दहा वर्षं होऊन गेली, ठरलेली मुदत केव्हाच उलटली, आणि तिथले पोलीस अजून टेट्रावरच बोलतायत. सांगलीचा पूर कुणाच्या मुदतीसाठी थांबत नाही. २०१९ नंतर दोनच वर्षांनी, २०२१ ला, पुन्हा आला.

त्याच २०२१ च्या जुलैत शेजारी सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. तिथवर पोचायलाच बचाव पथकांना किती वेळ लागला ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. हे इथे काढायचं कारण असं की आमचा पूर आमच्या जिल्ह्यात सुरूच होत नाही. १०५ टीएमसीची कोयना सातारा जिल्ह्यात. पाणी तिकडे सोडतात, भरतं इकडे, आणि पुढे अलमट्टीवरून भांडण कर्नाटकाशी. पण वायरलेसचे गट जिल्ह्याच्या हद्दीवर येऊन थांबले तर काय उपयोग? कोयनेचा विसर्ग वाढला हे सांगलीच्या बोटवाल्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर, तिसऱ्याच कुणी फॉरवर्ड केलेल्या फोटोतून का वाचावं? ‘कृष्णा’ गटावर धरणाचा माणूस दर तासाला दोन वाक्यं बोलू दे. विसर्ग किती, कधीपासून. आकडे सुटे. ऐकणारे शंभर जण ऐकतील, अफवेची अर्धी हवा तिथेच जाईल.

ब्रह्मनाळचं नाव काढल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. ८ ऑगस्ट २०१९. ग्रामपंचायतीची बोट, जीव मुठीत धरून चढलेली माणसं, आणि बोट उलटली. १७ जण गेले. सेट असता तर ती बोट उलटली नसती, असं मी म्हणणार नाही. ते खोटं होईल, आणि ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांच्यापुढे असलं बोलू नये. पण एवढं खरं की पुराच्या पहिल्या दोन दिवसांत नदीकाठच्या गावात सरकार म्हणजे गावचीच माणसं असतात. सरपंच, पोलीस पाटील, तलाठी, कोतवाल, आणि पोहता येणारी चार पोरं. दुसरी बोट किती वाजता येणार, एवढं जरी नक्की कळलं तरी पहिल्या बोटीत किती जणांनी बसायचं याचा निर्णय वेगळा होऊ शकतो. तेव्हा नदीकाठच्या प्रत्येक गावात ‘कृष्णा’चा एक अधिकृत सेट असू दे, पोलीस पाटलांच्या घरी. कपाटात नको, खुंटीवर. दर सोमवारी सकाळी कंट्रोलनं गावागावाला हाक मारायची आणि गावानं ‘ओ’ द्यायची. ज्या गावानं ‘ओ’ दिली नाही तिथे त्या आठवड्यात माणूस जाऊन बघून येईल, सेट बिघडलाय, चार्ज नाही, की पोरानं खेळायला नेलाय.

हे तुम्ही केलं नाहीत तर गावं स्वतःच करतील, आणि ते बरं नव्हे. ऑनलाइन हजार-दोन हजारांत सेट मिळतात. त्यांतले कितीतरी विनापरवाना फ्रिक्वेन्सींवर चालणारे. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं असे सेट विकणाऱ्या ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा काढल्या. परवान्याशिवाय चालतात ते कमी ताकदीचे, ४४६ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातले. गल्लीपुरते ते ठीक, जत्रेत, शेतात. त्यांच्यावर गाव सोपवता येत नाही. आणि भलत्या फ्रिक्वेन्सीवरचा सेट घेऊन चार उत्साही पोरं पुरात उतरली तर तुमच्याच बोलण्यात त्यांची खरखर मिसळेल. दोष मात्र पोरांचा नसेल. जाता जाता : हॅम रेडिओची, म्हणजे हौशी वायरलेसची, परीक्षा देऊन परवाना घेतलेली माणसं असतात, ती आपल्या खर्चानं सेट सांभाळतात आणि बोलायची शिस्त त्यांना आधीच असते. जिल्ह्यातल्या अशांची यादी करून त्यांना चहाला बोलवा. चहाचा खर्च मी देते.

राहता राहिली तालीम. पावसाळ्याआधी नदीत बोटी उतरवून तालीम होते, फोटो येतात, छान वाटतं. त्यात एक दिवस फक्त बोलण्याचा ठेवा. बोटी काठालाच राहू देत, इंजिनं मात्र चालू. प्रत्येक खात्याचा एक माणूस, बाहेरचा एक, गावातला एक. टिंग ऐकायचं, एक श्वास थांबायचं, मग बोलायचं. आकडा सुटा, गावाचं नाव पूर्ण, ऐकणाऱ्यानं परत म्हणायचं. मध्येच रिपीटर बंद करून टाका, न सांगता. बघू कोण काय करतं. मला बोलावलंत तर मी येईन. गुडघे दुखतात, पण खुर्ची दिलीत तर काठावर बसून निरोप लिहून घेईन. पाठवलेला निरोप आणि पोचलेला निरोप शेजारी शेजारी ठेवून तुम्हाला वाचून दाखवीन. आमच्या बाई आमची परीक्षा अशीच घ्यायच्या. पहिल्या वेळी सगळे नापास व्हायचो.

कळावे.

आपली,
एक निवृत्त ट्रंक ऑपरेटर
गावभाग, सांगली

ता. क. : २०१९ ला एका ठिकाणी मी स्वतः बघितलं, सेट सगळे वरच्या मजल्यावर, कोरडे, नीट ओळीनं लावलेले. चार्जर तळमजल्यावर होते. नवे सेट येतील तेव्हा चार्जरची फळी जमिनीपासून किती उंच असावी, हे आयर्विनचे आकडे पुढे ठेवून ठरवा, आणि ट्रॅक्टरच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर चार्ज करता येईल अशी वायरही सोबत मागून घ्या.